"औषध कोणतं मारू?": लॉन आणि बागेबद्दल वाचकांचे प्रश्न, पावसाळी खेप

जून-जुलैत आलेली पत्रं एकत्र वाचायला घेतली तर बहुतेकांचा शेवट एकाच वाक्याने होतो, "तरी कृपया औषधाचं नाव सांगावे". सांगते, जिथे लागेल तिथे सांगणारच आहे, पण निम्म्याहून जास्त पत्रांमध्ये औषधाचा काही संबंधच नाहीये, भानगड जमिनीखाली आहे आणि वरून कितीही फवारलं तरी ती सुटणार नाही. म्हणून मी जिथे "खणून बघा" म्हटलंय तिथे खरंच खणून बघा हं. लॉन खराब होईल म्हणून घाबरू नका, वीतभर तुकडा उचलून परत नीट बसवला की पावसाळ्यात थोड्याच दिवसात जुळून येतो.

प्रश्न: काकू नमस्कार. वाकडला आमचं रो हाऊस आहे. पजेशनच्या वेळीच पुढे कार्पेट लॉन टाकलेलं मिळालं. पहिलं वर्ष मस्त हिरवंगार होतं, आता मधे मधे पिवळे पट्टे पडलेत. माळी म्हणतो युरिया कमी पडतोय, दोनदा टाकला. उन्हाळाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारत होतो तरी फरक नाही. एखादं चांगलं टॉनिक सुचवा.

टॉनिक राहू द्या, घरात लांब स्क्रू ड्रायव्हर असेल ना तो घ्या आणि आधी हिरव्या भागात आणि मग पिवळ्या पट्ट्यात दाबून बघा. माझा अंदाज असा की हिरव्यात तो निदान मुठीपर्यंत आत जाईल आणि पिवळ्यात दोन इंचांवर खट्ट करून थांबेल. मग तिथेच खुरप्याने एक चौकोन उचला. वर इंचभर लाल माती दिसेल, ती कार्पेटबरोबर नर्सरीतून आलेली. त्याखाली थोडी कुठलीतरी माती आणि त्याखाली राडारोडा, म्हणजे विटांचे तुकडे, टाइल्सच्या कपच्या, सिमेंटचे वाळलेले गोळे, एखादी वायर पण निघते. बांधकाम संपलं की उरलेलं सगळं तिथेच पसरायचं आणि वर हिरवा गालिचा, हे इतक्या ठिकाणी चालतं की मला आता नवीन रो हाऊस म्हटलं की आधी हीच शंका येते.

आता हे पिवळं का पडतं ते बघा. मुळांना जायला जागाच दोन इंच, म्हणून उन्हाळ्यात दुपारपर्यंत ती माती कोरडीठाक होते आणि पावसात पाणी खाली जात नाही म्हणून मुळं गुदमरतात. त्यात सिमेंट आणि चुन्यामुळे माती अल्कलाइन होते, मग मातीत लोह असलं तरी गवताला ते उचलता येत नाही. पान जवळून बघा, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर हेच. अशा मातीत नुसतं हिराकस (फेरस सल्फेट) टाकून फार उपयोग होत नाही, ते लगेच बांधलं जातं, चिलेटेड लोह (असं सहज बांधलं न जाणारं) मिळतं ते पाण्यातून फवारा, थोडे दिवस रंग येईल. पण ते मेकअप झालं, मूळ काम खणायचंच आहे.

सगळं लॉन उकरायची गरज नाही. फक्त पिवळे पट्टे उचला, खाली नऊ इंच खणा, राडारोडा घमेल्याने बाहेर काढा (माळी कुरकुर करेल, करू दे), आणि दोन भाग पोयटा माती, एक भाग नीट कुजलेलं शेणखत असं भरा. भरल्या भरल्या लगेच लॉन टाकू नका, पाण्याने माती आधी बसू द्या, मग लेव्हल करा, नाहीतर महिनाभरात तिथे खड्डे पडून पाणी साचतं.

युरियाचं म्हणाल तर १०० चौरस फुटांना एका वेळी १०० ग्रॅमच्या आसपास पुरे, तो पण पातं कोरडं असताना टाकायचा आणि लगेच पाणी द्यायचं. ओल्या पात्यावर दाणे चिकटले की तिथेच जळतं आणि मग लोक म्हणतात बुरशी आली. आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं शिंपडणं बंद करा प्लीज. वरचा अर्धा इंच सतत ओला राहिला तर मुळं खाली कशाला जातील? पुढच्या उन्हाळ्यात पहाटे भरपूर द्या, चार-सहा इंच खोल ओल पोचली पाहिजे, आणि मग वरची माती सुकेपर्यंत हात लावू नका. कापताना सुद्धा एका वेळी पात्याचा एक तृतीयांशच भाग, त्याहून जास्त नाही. "एकदाच बारीक मारून टाक म्हणजे महिना सुटला" हे जे माळ्याला सांगितलं जातं ना, अर्धी लॉनं त्याने जातात.

प्रश्न: कराडहून लिहितोय. गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये लॉनवर ताटाएवढे वाळलेले गोल पडले, पाणी देऊनही सुधारले नाहीत. सकाळी साळुंक्या आणि सातभाई येऊन तिथेच टोचत बसायचे. यंदा तसं होऊ नये म्हणून आत्ताच काय फवारून ठेवू?

पक्ष्यांनी निदान केलंय की तुमचं. ती हुमणी आहे, आणि तुम्ही उसाच्या पट्ट्यात राहता म्हणजे ती बाहेरून शोधत यायची पण गरज नाही. खात्री करायची असेल तर वाळक्या गोलाच्या कडेला (मधे नाही, मधलं खाऊन ती पुढे सरकलेली असते) फूटभर चौकोन कापून ओढा. मुळंच उरलेली नसतात त्यामुळे गवत गोधडीसारखं सरसर उचललं जातं आणि खाली इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या, डोकं तपकिरी. एखाद-दुसरी दिसली तर सोडून द्या, निरोगी लॉन तेवढं सोसतं, चौरस फुटात पाच-सहाच्या पुढे असतील तर मग हालचाल करा.

तिचं वर्षाचं चक्र समजलं की अर्धं काम झालं. मे-जूनमधे पहिला वळीव पडला की जमिनीतून भुंगेरे बाहेर येतात आणि अंधार पडता पडता कडुनिंबावर, बाभळीवर जमतात, पाला खातात, तिथेच मीलन होतं आणि मादी परत जमिनीत शिरून अंडी घालते. जुलैपासून अळ्या मुळं खायला लागतात आणि आपल्याला दिसतं सप्टेंबरात, तोवर अळी बोटाएवढी जाड झालेली असते आणि मोठी अळी कशालाही पटकन मरत नाही. म्हणजे सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय हा की पहिल्या पावसानंतरच्या आठवड्यात रोज संध्याकाळी साडेसात-आठला कडुनिंबाच्या फांद्या काठीने हलवायच्या, खाली ताडपत्री टाकायची आणि पडलेले भुंगेरे रॉकेल किंवा साबण टाकलेल्या पाण्याच्या बादलीत. शेजारच्या झाडाचे पण, कारण भुंगेऱ्यांना कंपाउंड कळत नाही.

ती वेळ यंदा गेली असेल तर आता मेटारायझियम वापरा. ही बुरशी आहे, अळीच्या अंगावर वाढून तिला मारते, कृषी केंद्रात पावडर किंवा लिक्विड मिळते. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून लॉनवर पसरायची आणि वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर आहे पण चिखल नाही अशा वेळी. कडक उन्हात टाकाल तर पैसे वाया, आणि त्याच सुमारास बुरशीनाशक मारलं तर ते हिला पण मारणार हे उघड आहे.

जाता जाता एक. शेणखताच्या ढिगात ज्या गलेलठ्ठ अळ्या निघतात त्या सगळ्या हुमणी नसतात. त्यात गेंड्या भुंग्याच्या किंवा कुजलेलं खाणाऱ्या दुसऱ्या भुंग्यांच्या पण असतात, त्या तुमच्या गवताच्या मुळांना हात लावत नाहीत. तरी लॉनवर खत टाकताना चाळूनच टाका, आणि कच्चं शेण तर अजिबात नको.

प्रश्न: काकू लव्हाळ्याने वैताग आणलाय!! नाशिकला नवीन लॉन केलं, महिन्याभरात गवतापेक्षा तोच वर. उपटला की चार दिवसांत दुप्पट. मैत्रीण म्हणते ग्लायफोसेट मार. मारू का?

अगं बाई नको. ग्लायफोसेट हिरवं दिसेल ते मारतं, लव्हाळा मरेल न मरेल तुझं लॉन मात्र नक्की जाईल, आणि लव्हाळा गाठीतून परत येईल तो आता मोकळ्या जागेत.

आधी तो लव्हाळाच आहे ना बघ, काडी बुडाशी चिमटीत धरून फिरव, तीन कोन लागतात हाताला, गवताची काडी गोल किंवा चपटी लागते. आता खुरपं बाजूला खोल घालून सगळी माती वर घे आणि पाण्यात धू. पातीच्या खाली एक काळपट गाठ, तिच्यापासून दोऱ्यासारखी मुळी, पुढे अजून गाठ, मग अजून एक, अशी माळ निघेल. तू वरून उपटतेस तेव्हा तो दोरा तुटतो, आणि वरच्या गाठीने दाबून ठेवलेल्या खालच्या गाठी जाग्या होऊन स्वतंत्र फुटतात. म्हणून दुप्पट. प्लास्टिक पसरायचा पण विचार करू नकोस, त्याचं कोवळं टोक सुईसारखं असतं, प्लास्टिक भोकसून वर येतो.

लॉन लहान असेल तर माळेसकट काढणं हाच उपाय, पाऊस उघडल्यावर वाफसा असताना, आणि वरची पाती चार-पाच पानांची व्हायच्या आत, कारण त्यानंतर तो खाली नव्या गाठी करायला लागतो. एकदा काढून होत नाही, पावसाळाभर मागे लागावं लागतं. काढलेल्या गाठी कंपोस्टमधे टाकायच्या नाहीत. मोठं लॉन असेल तर उसवाले हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल नावाचं तणनाशक वापरतात, ते लव्हाळ्यावर निवडून काम करतं, पण ते भाजीच्या किंवा फुलझाडांच्या वाफ्याजवळ उडालं तर तिथलं जातं, म्हणून घरच्या बागेत मी शक्यतो नाहीच म्हणते. आणि लॉन जरा उंच ठेव, दीड-दोन इंच. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, दाट गवतात तो मागे पडतो.

नवीन लॉन करणाऱ्या बाकी सगळ्यांसाठी सांगते, हे काम खरं तर मे महिन्यातलं आहे. जागा वीतभर खोल खणून ढेकळं उन्हात तापू द्यायची, गाठी वाळून मरतात. मग एकदा पाणी देऊन जे उगवेल ते काढायचं, आणि मगच लॉन. आपल्याला घाई असते, जूनच्या पहिल्या पावसात ट्रकभर माती येते आणि त्या मातीतूनच लव्हाळा येतो, कोणी विचारत पण नाही माती कुठल्या शेतातली आहे.

प्रश्न: लातूरहून. मोठ्या शंखाच्या गोगलगायी रात्रीत झेंडू, पपईची रोपं, पालक सगळं साफ करत आहेत. मीठ टाकून बघितलं. दुकानदाराने गोळ्या दिल्यात, घरात कुत्रा आहे म्हणून अजून टाकल्या नाहीत.

नाही टाकल्यात ते फार छान केलंत. त्या गोळ्या बहुतेक मेटाल्डिहाइडच्या असणार, त्या कुत्र्यांना खाव्याशा वाटतात आणि त्यांच्यासाठी जीवघेण्या असतात. पाकीट उंचावर ठेवून द्या किंवा परत करा. मीठ पण वाफ्यात टाकू नका, गोगलगाय मरते पण माती खारवते, पुढे तिथे पालक पण यायचा नाही.

ही आफ्रिकन गोगलगाय आहे, २०२२ च्या जुलैत लातूर, बीड, उस्मानाबाद भागात सोयाबीनचं कोवळं पीक हिनेच खाल्लं होतं ते तुम्ही जवळून बघितलंच असेल. प्रत्येक गोगलगाय नर पण असते आणि मादी पण, त्यामुळे प्रत्येकच अंडी घालू शकते, एका वेळी शंभर-दोनशे सुद्धा. कुंडी हलवलीत की खाली ओलसर मातीत साबुदाण्याहून मोठी, पिवळसर पांढरी कडक अंडी घोळक्याने दिसतील, ती आधी चिरडा. एक घोळका म्हणजे पुढच्या महिन्यातल्या शंभर गोगलगायी.

बाकी पद्धत जुनीच पण चालणारी: गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी बागेत तीन-चार जागी पसरायचं, पपईची पानं किंवा कोबीचा टाकाऊ पाला त्याखाली ठेवायचा. उजाडायच्या आत उचललं की खाली सगळ्या जमलेल्या असतात. हातमोजे घालूनच गोळा करा, यांच्या अंगात उंदराच्या फुप्फुसातला एक कृमी असू शकतो, तो माणसाला मेंदूचा आजार करतो, आणि ज्या भाजीवर त्या फिरल्यात ती कच्ची खाऊ नका. गोळा केलेल्या साबण-मिठाच्या बादलीत टाका (मीठ इथे चालेल, बादलीत!) आणि नंतर खोल पुरा. एकट्याने केलं तर संपत नाही, गल्लीने मिळून करा. पावसाळा संपला की त्या शंखाचं तोंड बंद करून भिंतीच्या फटीत, दगडांखाली, लाकडाच्या ढिगात झोपून राहतात, तेव्हा वेचणं अजून सोपं, तेव्हा विसरू नका.

प्रश्न: सावंतवाडीला मागच्या अंगणात जुना आंबा आहे. त्याखाली लॉन लावलं, तिसऱ्यांदा गेलं. जागोजागी शेवाळ. चुना टाकू की काय करू?

शेवाळाने लॉन मारलेलं नाही हो, लॉन आधी गेलं आणि रिकाम्या जागेत शेवाळ आलं. गवताला दिवसाला निदान चार-पाच तास थेट ऊन लागतं, आंब्याखाली ते मिळत नाही, वर तुमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि जांभ्याची आम्लधर्मी माती, म्हणजे शेवाळाला लागतं ते सगळं हजर. चुन्याने मातीचा आम्लपणा कमी होईल पण सावली तशीच राहणार. मी तर म्हणते चौथ्यांदा लावूच नका. आंब्याच्या बुंध्यापासून लांब चालायपुरते चिरे टाका, मधे मंकी ग्रास, स्पायडर प्लांट, नेचे लावा, शेवाळ आहे तिथे राहू दे, कोकणात चिऱ्यावरचं शेवाळ काय वाईट दिसतं का? फक्त पायवाटेवरचं तेवढं घासून काढा, घसरायला होतं. आणि लेव्हलसाठी आंब्याच्या मुळांवर मातीचा भराव अजिबात घालू नका, झाड हळूहळू बसतं.

प्रश्न: एडिसन, न्यू जर्सी. लॉनमधे क्रॅबग्रास नावाचं तण खूप आहे. शिवाय सासूबाई आल्यात, त्या म्हणतात एवढी जागा नुसत्या गवताला कशाला, मेथी लावू. मधला मार्ग सांगा 🙂

सासूबाई बरोबर बोलतायत पण पुढच्या लॉनला हात लावायच्या आधी तुमच्या सोसायटीचे नियम वाचा. मागे ऊन असेल तिथे वाफा करा, मेथी थंडीला फार घाबरत नाही, वसंतात लवकर टाकता येते आणि ऑगस्टअखेर परत, भर उन्हाळ्यात मात्र लगेच फुलावर जाते. जुन्या घराच्या भिंतीला लागून वाफा करणार असाल तर आधी मातीत शिसं आहे का तपासून घ्या, जुन्या रंगातून येतं.

क्रॅबग्रासचं औषध उगवायच्या आधी टाकायचं असतं, तिकडे फोर्सिथियाच्या झुडपाची पिवळी फुलं गळायला लागली की ती वेळ, आत्ता जुलैत टाकून पैसे घालवू नका. आता फक्त उंच कापा, तीन-साडेतीन इंच. विरळ जागी फेस्क्यू गवताचं बी टाका ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, तेव्हा माती गरम असते आणि हवा थंड व्हायला लागते. तुमच्याकडची गवतं थंडीतली, इकडचे यूट्यूबवरचे सल्ले तुम्हाला लागू नाहीत. आणि खताबद्दल तुमच्या राज्यात २०११ पासूनचा कायदा आहे, घरगुती लॉनला १५ नोव्हेंबर ते १ मार्च खत टाकता येत नाही, जोराचा पाऊस येणार असेल तेव्हाही नाही.

प्रश्न: कंपाउंडबाहेर गाजर गवत माजलंय. वाऱ्याने आत येतं. (कोथरूड)

फुलायच्या आत मुळासकट उपटा, पाऊस झाल्यावर सहज निघतं. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे, अंगाला खाज आणि दम्याचा त्रास दोन्ही होतात. फूल आलेलं नसेल तर कंपोस्टला चालतं. पानांवर पट्ट्या पट्ट्यांचे छोटे भुंगे खाताना दिसले तर त्यांना मारू नका, ते मेक्सिकन भुंगे मुद्दाम याच्यासाठीच १९८४ मधे बंगळुरूला सोडले होते, फक्त गाजर गवतावरच त्यांचा जोर असतो.

प्रश्न: आमच्या लॉनमधे हरळी भरपूर आहे. गणपतीत त्याच दूर्वा वाहिल्या तर चालतील का? लॉनवर दोनदा कीटकनाशक मारलंय, आणि शेजाऱ्यांचा कुत्रा पण येतो.

कुत्र्याचं तुम्हीच लिहिलंत म्हणजे उत्तर तुम्हाला माहीत आहे 😀 औषध मारलेल्या दूर्वा तर मुळीच नकोत, तुम्ही वाहणार, मग घरात कोणीतरी लहान मूल त्याच हाताने मोदक खाणार, शिवाय काही घरांमधे दूर्वांचा रस पण काढतात. आत्ताच एक पसरट कुंडी घ्या, साध्या मातीत हरळीच्या चार-पाच काशा बोटभर अंतरावर दाबून लावा, उन्हात ठेवा, कुठलंही खत नाही, कापायचं पण नाही. पावसाळ्यात चार-सहा आठवड्यात एकवीसच्या जुड्या निघतील इतकी भरते. लॉनवर कुत्र्यामुळे जे मधे जळलेले आणि कडेला गर्द हिरवे गोल पडतात तो मुत्रातल्या नत्राचा परिणाम आहे, तिथे लगेच दोन बादल्या पाणी ओतलं तर जळत नाही, आणि शेजाऱ्यांशी बोला, लॉनवर मिरची पूड वगैरे टाकायच्या भानगडीत पडू नका.